थळचा कारखाना आणि वालाची गाठ

मुलांनो, अलिबाग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ओहोटीला चालत जाता येईल असा कुलाबा किल्ला, घोडागाडी, वाळूतले मनोरे आणि परत येताना हातात पांढऱ्या कांद्याची माळ. हो ना? आज आपण त्याच वाटेने निघणार आहोत, पण अलिबागच्या थोडं अलीकडे, थळला उतरणार आहोत. तिथे आपल्याला एक कोडं सोडवायचं आहे. कोडं असं :

घरात भरलं, दारात भरलं, आभाळापर्यंत अन्न भरलं. तरी खाणारा उपाशी. असं अन्न कोणतं?

उत्तर इतक्यात सांगायचं नाही. आधी प्रवासाला तर निघू या!

लाँचमधून थळला

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला जायला लाँच मिळते. साधारण तासाभराचा प्रवास. हिवाळ्यात गेलात तर सीगल पक्ष्यांचे थवे लाँचच्या मागे मागे उडत येतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा गेटवेच्या लाँच बंद असतात. मग पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड असं रस्त्याने यावं लागतं.

मांडव्याला उतरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि भाताची खाचरं दिसतात. चोंढी मागे पडते, किहीमचा फाटा जातो, आणि मग थळ येतं.

थळ हे मूळचं कोळ्यांचं गाव. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. वास सोसायची तयारी ठेवा! समोर समुद्रात दोन बेटं दिसतात. मोठं खांदेरी, धाकटं उंदेरी. मुंबईच्या इंग्रजांवर आणि जंजिऱ्याच्या सिद्दीवर नजर ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी आरमार पाठवून अडवायचा प्रयत्न केला, पण बांधकाम थांबलं नाही. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात खांदेरीही आहे.

आता समुद्राकडे पाठ करा. काय दिसतं? झाडांच्या डोक्यावरून वर आलेल्या चिमण्या, जाडजूड नळ्या आणि उंच मनोरे. हा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा, म्हणजे आरसीएफचा खत कारखाना. शेतकऱ्याच्या घरात युरियाची गोणी येते ना, तो युरिया इथे तयार होतो. १९८०च्या दशकात हा कारखाना उभा राहिला. तो इथे असावा की नसावा, यावर त्या काळी खूप चर्चा झाली होती. किनारा, वाड्या, मासे आणि मुंबईची हवा यांचं काय, असे प्रश्न लोकांनी विचारले होते. कारखाना आला की असे प्रश्न विचारायचेच असतात.

पेणहून एक रेल्वेमार्गही इथपर्यंत येतो. त्यावर मालगाड्या खत घेऊन जातात.

कोड्याचं उत्तर

आमच्या शाळेत बरीच मुलं शेतकऱ्यांची आहेत. 'हवा' हा धडा शिकवताना मी फळ्यावर लिहिलं, "हवेच्या शंभर भागांत सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन." मग सांगितलं, की पिकाला वाढायला नायट्रोजन लागतो आणि युरियातून तो मिळतो. झालं! मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, हवेत एवढा नायट्रोजन फुकट आहे, तर माझे बाबा गोणीला पैसे का देतात?"

किती नेमका प्रश्न! याच प्रश्नाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांची झोप उडवली होती.

आपल्या कोड्याचं उत्तर आहे नायट्रोजन. एक गुंठा जमीन घ्या. तिच्यावर आभाळापर्यंत जी हवा आहे, तिच्यात सातशे टनांहून जास्त नायट्रोजन असतो. पण त्याच गुंठ्यातलं भाताचं रोप नायट्रोजन नाही म्हणून पिवळं पडतं. आधी खालची जुनी पानं पिवळी होतात, मग वाढ खुंटते, लोंबी भरत नाही.

असं का? तुम्ही फुगडी खेळता ना? दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरलेले असतात, तोवर तिसरीला हात द्यायला त्यांच्याकडे हात मोकळा नसतो. हवेतला नायट्रोजन असाच जोडीने राहतो. त्याचे दोन अणू एकमेकांना एका हाताने नाही, दोन हातांनी नाही, तर तीन-तीन हातांनी धरून असतात! ही फुगडी सुटल्याशिवाय नायट्रोजन दुसऱ्या कुणाशी जोडला जात नाही. आणि पिकाला तर तो जोडलेल्या रूपातच घेता येतो.

आकाशात वीज कडाडते तेव्हा तिच्या प्रचंड उष्णतेने काही जोड्या सुटतात आणि थोडा नायट्रोजन पावसाबरोबर जमिनीत येतो. पण तेवढ्यावर सगळ्या जगाचं पोट कसं भरणार? एकोणिसाव्या शतकात युरोपातले लोक दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाच्या वाळवंटातून सोरा खणून जहाजांनी नेत असत आणि शेतात घालत असत. पण खाण म्हटली की ती कधीतरी संपणारच. १८९८ साली विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने जाहीर इशारा दिला, की हवेतला नायट्रोजन पकडायला शिका, नाहीतर गहू कमी पडेल.

घाट आणि बोगदा

नायट्रोजनची हायड्रोजनशी गाठ घातली की अमोनिया तयार होतो. अमोनियापासून खत करता येतं. मग दोन्ही वायू एका भांड्यात भरून ठेवले तर? वर्षभर ठेवा, काही होत नाही. तापवले तर? फुगडी सुटण्याइतकं तापवलं, तर त्या उष्णतेत तयार झालेला अमोनियाच परत फुटतो. इकडे आड, तिकडे विहीर!

इथे आपल्या गोष्टीचा नायक येतो. त्याचं नाव उत्प्रेरक.

उत्प्रेरक म्हणजे काय, ते समजायला आपण मनाने घाटात जाऊ. समजा, पुण्याहून खाली कोकणात उतरायचं आहे. कोकण खाली आहे, म्हणजे एकूण हिशेबाने उतरणच आहे. पण मध्ये डोंगर आडवा आला, तर आधी दम लागेपर्यंत चढावं लागतं. रासायनिक अभिक्रियांचंही असंच असतं. शेवट उताराचा असला तरी मध्ये चढ असतो. तो चढून जाण्याएवढी ऊर्जा फार थोड्या रेणूंकडे असते. म्हणून काम रेंगाळतं.

उत्प्रेरक काय करतो? तो डोंगराला बोगदा पाडतो. बोगद्यातून गेलं की पुणे होतं तिथेच राहतं, कोकण होतं तिथेच राहतं, दोन्हींच्या उंचीतला फरकही बदलत नाही. फक्त मधला चढ कमी होतो, आणि जिथे दहा जण पार होत होते तिथे हजारो होतात. आणखी एक गंमत लक्षात ठेवा. बोगद्यातून जाता येतं तसं परतही येता येतं. उत्प्रेरकही अभिक्रियेचा वेग दोन्ही दिशांनी वाढवतो. म्हणजे जे होणं मुळात शक्यच नाही, ते तो घडवू शकत नाही. जे हळू होतं ते तो लवकर करतो, एवढंच.

आणि काम झाल्यावर? गाड्या गेल्या तरी बोगदा शिल्लक राहतोच ना? तसा उत्प्रेरकही संपत नाही. तो अभिक्रियेत भाग घेतो, पण शेवटी पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या रेणूंच्या कामाला लागतो. १८३५च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसने या गुणाला पहिल्यांदा नाव दिलं.

अडीच हजार पदार्थांची परीक्षा

जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी फ्रिट्झ हाबर नावाचे प्राध्यापक होते. १९०९ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी रॉबर्ट ल रोसिन्योल यांनी दोन्ही वायूंवर प्रचंड दाब दिला, ते तापवले आणि ऑस्मियम नावाच्या धातूवरून नेले. नळीतून अमोनियाचे थेंब टपकू लागले! पण ऑस्मियम इतका दुर्मीळ, की त्यावर कारखाना चालवायचा म्हणजे अवघड.

मग बीएएसएफ या जर्मन कंपनीत आल्विन मिटाश यांनी स्वस्त उत्प्रेरकाचा शोध सुरू केला. त्यांच्या चमूने सुमारे अडीच हजार पदार्थ तपासले, साडेसहा हजार चाचण्या केल्या! शुद्ध लोखंडाने निराशा केली. पण स्वीडनच्या खाणीतलं एक लोहखनिज मात्र झकास चाललं. का बरं? त्यात इतर पदार्थांची थोडी भेसळ होती! एरवी भेसळ वाईट, इथे मात्र तीच उपयोगी पडली. आजही लोखंडात थोडं पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड अशी मुद्दाम भर घालतात.

कार्ल बॉश यांनी एवढा दाब सोसणारी पोलादी भांडी घडवली आणि सप्टेंबर १९१३मध्ये ओपाऊ इथे जगातला पहिला मोठा अमोनिया कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या ताटातलं अन्न या पद्धतीच्या खतावर अवलंबून आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पण मुलांनो, ही गोष्ट नुसती गोड नाही. अमोनियापासून स्फोटकंही करता येतात. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि त्याच कारखान्यातला नायट्रोजन तोफगोळ्यांत गेला. १९२१ साली ओपाऊला खताच्या साठ्याचा भयंकर स्फोट झाला, त्यात पाचशेहून अधिक माणसं गेली. उत्प्रेरकाला आपला माल शेतात जातो की तोफेत, हे कळत नाही. ते माणसानेच ठरवायचं असतं.

भिंतीपलीकडे काय चालतं?

चला, आता परत थळला. कारखान्यात शिरायचं तर आधी परवानगी लागते, डोक्यावर शिरस्त्राण लागतं. आपण मनानेच आत जाऊ.

लागणाऱ्या तीन गोष्टी आहेत : हवा, पाणी आणि नैसर्गिक वायू. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली तेल आणि वायू सापडला. तो वायू उरणला किनाऱ्यावर येऊ लागला, म्हणून त्याच्या जवळपास असे कारखाने उभे राहिले.

पहिलं काम सफाईचं. वायूत गंधक असेल तर ते काढून टाकतात. कारण गंधक हे उत्प्रेरकाचं विष! त्याचे अणू उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला असे चिकटतात, की कामाला जागाच उरत नाही.

मग वायू आणि पाण्याची वाफ निकेलच्या उत्प्रेरकाने भरलेल्या तापलेल्या नळ्यांतून जातात आणि हायड्रोजन सुटा होतो. पुढे हवा आत सोडतात, तिच्यातून नायट्रोजन मिळतो. मग पुन्हा दोन उत्प्रेरक, एक लोखंडाचा, एक तांब्याचा. ते कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतात. शेवटी जो काही मोनॉक्साइड उरतो, तोही काढून टाकतात, कारण तो लोखंडाच्या उत्प्रेरकाला बाधतो. बघा, एक अमोनिया करायचा तर किती उत्प्रेरकांची रांग!

आता शेवटचं भांडं. जाड पोलादी भिंतींचं, उंच. आत लोखंडाच्या उत्प्रेरकाचे काळे खडे. तापमान साडेचारशे अंशांच्या आसपास, दाब हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट. नायट्रोजनचा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागावर उतरतो. लोखंड त्याला धरतं, तशी त्याची आपसातली पकड ढिली होते. फुगडी सुटते! मग एकेका सुट्या नायट्रोजनला हायड्रोजनचे अणू येऊन मिळतात. एक, दोन, तीन. झाला अमोनिया. तो उडून जातो, जागा रिकामी होते, पुढची जोडी उतरते. ही सगळी पावलं नेमकी कशी पडतात, ते गेरहार्ड अर्टल यांनी उलगडून दाखवलं. त्यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

एका फेरीत सगळ्या वायूचा अमोनिया होत नाही, साधारण पाचव्या भागाचाच होतो. तो थंड करून वेगळा काढतात, उरलेला वायू पुन्हा फेरीला पाठवतात. उत्प्रेरक मात्र वर्षानुवर्षं तोच!

पुढे अमोनिया आणि आधी वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून युरिया होतो. या पायरीला उत्प्रेरक लागत नाही. वितळलेला युरिया उंच मनोऱ्यातून थेंबाथेंबाने खाली सोडतात, पडता पडता थेंब गोठतात आणि पांढरे मणी होतात. उभारणीच्या वेळी इथले युरियाचे तीन विभाग मिळून दिवसाला ४५०० टनांचे होते. आजच्या ४५ किलोच्या गोणीने मोजलं, तर रोजच्या एक लाख गोण्या! हिशेब करून पाहा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. नायट्रोजन फुकटच आहे. पैसे पडतात ते हायड्रोजन मिळवण्याचे, वायू जाळून उष्णता आणि दाब देण्याचे आणि कारखाना चालवण्याचे. उत्प्रेरक नसता, तर ती गोणी कुणालाच परवडली नसती.

बांधावरचा छोटा कारखाना

आपली सहल अजून संपलेली नाही. कारखान्याच्या भिंतीपासून थोडं लांब, एखाद्या खाचराच्या बांधावर या. भात कापून झालं, की रायगड जिल्ह्यातले शेतकरी जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याचंच ते वालाचं बिरडं आणि थंडीत मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेली पोपटी. नुसतं नाव घेतलं तरी तोंडाला पाणी सुटतं!

शेताच्या मालकाला विचारून वालाचं एक रोप मुळासकट अलगद उपटा. मुळं पाण्यात धुवा. त्यांवर बारीक बारीक गाठी दिसतील. रोग नाही बरं तो! त्या गाठींत जिवाणू राहतात. एक गाठ नखाने फोडली आणि आतून लालसर दिसली, तर समजा, काम चालू आहे.

कसलं काम? तेच! हवेतल्या नायट्रोजनची फुगडी सोडवून अमोनिया करण्याचं. ना साडेचारशे अंश तापमान, ना दोनशे पट दाब, ना चिमणी. मातीच्या गारव्यात, गुपचूप. त्या जिवाणूंकडे स्वतःचा उत्प्रेरक असतो. सजीवांच्या शरीरातल्या उत्प्रेरकांना विकर म्हणतात. या विकराचं नाव नायट्रोजिनेज. आणि त्याच्या पोटात कोणता धातू असतो, ओळखा पाहू? लोखंड! जोडीला थोडं मॉलिब्डेनम. जे लोखंड भिंतीपलीकडच्या पोलादी भांड्यात, तेच इथे मोहरीएवढ्या गाठीत.

मात्र या जिवाणूंनाही हे काम फुकट होत नाही. वालाचं झाड त्यांना साखर पुरवतं. ऊर्जा तर लागतेच, ती कुणाला चुकलेली नाही.

म्हणून आपली जुनी जाणती माणसं भातानंतर वाल, हरभरा, मूग अशी डाळवर्गीय पिकं घेत आली. त्यांना नायट्रोजिनेज हे नाव माहीत नव्हतं, पण पुढचं पीक कसं येतं ते दिसत होतं. आजही युरिया जपून वापरावा लागतो. गरजेपेक्षा जास्त टाकला, तर तो पिकाच्या पोटात न जाता विहिरीच्या, खाडीच्या पाण्यात उतरतो. पैसेही जातात आणि पाणीही बिघडतं. ज्या मातीने शंभर पिढ्यांना भात दिला, तिने पुढच्यांनाही द्यायला हवा की नको?

घरी करून पाहा

एक : भाकरीचा तुकडा न गिळता खूप वेळ चावा. हळूहळू गोड लागेल. तुमच्या लाळेतल्या विकराने पिठाचं साखरेत रूपांतर केलं!

दोन : हा प्रयोग मोठ्या माणसांसमोरच करायचा. औषधांच्या दुकानात जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ते दोन कपांत थोडं थोडं घ्या. एकात कच्च्या बटाट्याचा तुकडा टाका, दुसऱ्यात उकडलेल्या बटाट्याचा. कच्च्या बटाट्याभोवती बुडबुडे येतील, फेस होईल. तो ऑक्सिजन आहे. पेरॉक्साइड एरवीही फुटतंच, पण अगदी सावकाश. कच्च्या बटाट्यातलं विकर ते काम झपाट्याने करतं. उकडल्यावर विकर निकामी होतं, म्हणून दुसरा कप शांत राहतो. डोळ्यांना हात लावू नका आणि प्रयोग झाल्यावर हात धुवा.

तीन : बाबांना किंवा काकांना विचारा, आपल्या गाडीत उत्प्रेरक कुठे असतो? तो धूर बाहेर पडण्याच्या नळीत असतो. तिथे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू विषारी वायूंचं रूपांतर कमी त्रासदायक वायूंमध्ये करतात. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. शिसं हे या उत्प्रेरकाचंही विष आणि आपल्या मेंदूचंही. म्हणून भारतात २००० सालापर्यंत शिशाचं पेट्रोल बंद झालं.

परतीच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याची माळ जरूर घ्या. आणि थंडीचे दिवस असतील तर थोडे ओले वालही. घरी शेंगा सोलताना सगळ्यांना ते कोडं घाला. आभाळापर्यंत अन्न भरलं, तरी खाणारा उपाशी. बघा, घरातलं कोण ओळखतं ते!